लिनक्स सर्व्हरवर इन्स्टॉलेशन होस्टनेमपाशी अडतं तेव्हा

झिंब्रा (मेल सर्व्हर), फ्रीआयपीए (यूजर आणि लॉगिन सांभाळणारं), प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं), हडूप (अनेक मशीनवर डेटा साठवणारं), रॅबिटएमक्यू (प्रोग्रॅममधले संदेश रांगेत ठेवणारं). यातलं काहीही लिनक्सवर बसवायला घेतलं की कधी ना कधी होस्टनेमपाशी, म्हणजे मशीनच्या नावापाशी, गाडी अडतेच. मग घाईघाईत कुठल्या तरी फाइलमध्ये एक ओळ टाकायची, इन्स्टॉलर पुढे सरकला की विसरून जायचं, आणि सर्व्हर रिबूट झाला की तोच प्रश्न पुन्हा. हा प्रश्न परत परत का येतो आणि तो एकदाचा कसा मिटवायचा, ते सविस्तर लिहितोय. आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

आधी लक्षणं बघू, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर एकच तक्रार वेगळ्या शब्दांत करतं. सुडो (अॅडमिनच्या अधिकारात आज्ञा चालवणारं) चालवलं की 'होस्ट सापडत नाही' असं बडबडतं, आणि डीएनएस सर्व्हर (नावावरून आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सांगणारा) बंद असेल तर प्रत्येक सुडोला काही सेकंद थांबावं लागतं. अपाची (वेब सर्व्हर) सुरू होताना 'पूर्ण नाव खात्रीने ठरवता येत नाही, १२७.०.१.१ वापरतोय' असा इशारा देतं. हा इशाराच आहे, सर्व्हरनेम ही ओळ टाकली की गप्प बसतो, त्यावर वेळ घालवू नका. सेंडमेल (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) असेल तर बूट होताना मिनिटभर अडून बसतं. जावावर चालणारं काही असेल तर 'अननोन होस्ट' असं लांबलचक एक्सेप्शन फेकतं. प्रॉक्समॉक्समध्ये पीव्हीई-क्लस्टर ही सेवाच उठत नाही आणि वेब पॅनेल उघडत नाही. हडूपचं सगळ्यात फसवं: नेमनोड (हडूपचा मुख्य भाग) व्यवस्थित सुरू झालेला दिसतो, पण दुसऱ्या मशीनवरच्या डेटानोडला (डेटा साठवणाऱ्या भागाला) कनेक्शन नाकारलं जातं, कारण नेमनोड लूपबॅकवर, म्हणजे १२७ ने सुरू होणाऱ्या मशीनच्या आतल्याच पत्त्यावर, कान लावून बसलेला असतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. इन्स्टॉलर आधी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) विचारतो, 'या मशीनचं नाव काय?' मिळालेल्या नावाचा आयपी विचारतो, आणि त्या नावाचं डोमेनसकट पूर्ण रूप विचारतो. ही उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत, आणि आयपी लूपबॅकचा नसून नेटवर्कवरचा खरा पाहिजे. काही इन्स्टॉलर आणखी एक पायरी पुढे जातात: त्या आयपीवरून उलट नाव शोधतात आणि तेही जुळतंय का बघतात. उत्तरं जुळत नसतील तर सॉफ्टवेअर एक तर अडतं, किंवा न अडता चुकीचं नाव आपल्या डेटाबेसमध्ये कायमचं कोरून घेतं. दुसरा प्रकार जास्त महागात पडतो.

काहीही बदलायच्या आधी सध्याची उत्तरं काढा

मला कोणी फोन करून 'इन्स्टॉल अडकलंय' म्हणालं की मी आधी एवढ्याच आज्ञांचं आउटपुट मागतो:

होस्टनेम
होस्टनेम -एफ
होस्टनेम -आय (कॅपिटल)
गेटेन्ट होस्ट्स, पुढे मशीनचं पूर्ण नाव
गेटेन्ट होस्ट्स, पुढे मशीनचा आयपी

पहिली आज्ञा कर्नलकडचं नाव देते. दुसरी पूर्ण नाव देते, पण ते कुठे साठवलेलं नसतं. ती पहिलं नाव घेऊन त्याचा शोध घेते आणि शोधात मिळालेलं मुख्य नाव छापते. म्हणून 'होस्टनेम तर बरोबर सेट केलंय, तरी -एफ चुकीचं का दाखवतंय' या प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी होस्ट्स फाइलमध्ये सापडतं. तिसरी आज्ञा मशीनवरचे खरे आयपी देते. तिच्यात कॅपिटल अक्षर विसरू नका. स्मॉल अक्षराची आज्ञा नावावरून शोधलेला आयपी देते आणि ती १२७ वर गेली तर गोंधळ वाढतो. शेवटच्या दोन आज्ञा नाव आणि आयपी दोन्ही बाजूंनी जुळतात का ते सांगतात.

तपासायला गेटेन्टच वापरा. बरेच जण डिग किंवा एनएसलुकअप चालवतात आणि 'होस्ट्स फाइलमध्ये नाव टाकलंय तरी सापडत नाही' म्हणून हैराण होतात. डिग थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, होस्ट्स फाइलकडे बघतच नाही. गेटेन्ट मात्र, नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या एनएसस्विच.कॉन्फ फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमानेच जातं, आणि तुमचं सॉफ्टवेअरही बहुतेक त्याच वाटेने जाणार असतं. डिगचा उपयोग पुढे आहे, मेल सर्व्हरच्या वेळी.

होस्ट्स फाइलमधली ती एक ओळ

उबुंटू नव्याने बसवलं आणि मशीनला 'मेल' असं नाव दिलं, तर ईटीसी फोल्डरातल्या होस्ट्स फाइलमध्ये साधारण हे दिसतं:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१२७.०.१.१ मेल

दुसरी ओळ हीच सगळ्या दुखण्याची जागा. डेबियनचा इन्स्टॉलर ती मुद्दाम टाकतो. ज्या मशीनला कायमचा आयपी नाही, म्हणजे लॅपटॉप वगैरे, तिथेही स्वतःचं नाव सापडावं म्हणून केलेली ही सोय आहे. कायमचा आयपी असेल तर १२७.०.१.१ च्या जागी तोच लिहावा, असं डेबियनच्या संदर्भ पुस्तिकेतच म्हटलंय. सर्व्हरला आयपी कायमचाच असतो, किंवा असायला हवा. तेव्हा ती ओळ बदलून अशी करा:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१९२.१६८.१.१० मेल.एक्झाम्पल.कॉम मेल

या ओळीत क्रम फार महत्त्वाचा. आयपीनंतर आधी पूर्ण नाव, मग छोटं नाव. आयपीनंतरचं पहिलं नाव हे मुख्य मानलं जातं आणि पुढची सगळी टोपणनावं. 'मेल मेल.एक्झाम्पल.कॉम' असं उलटं लिहिलंत तर पिंग चालेल, सगळं ठीक वाटेल, पण होस्टनेम -एफ फक्त 'मेल' म्हणेल आणि इन्स्टॉलर पुन्हा अडेल. झिंब्राचा इन्स्टॉलर हे तपासून सरळ थांबतो आणि ओळ कशी हवी तो नमुनाही स्क्रीनवर दाखवतो: आधी आयपी, मग पूर्ण नाव, शेवटी छोटं नाव. लोक तो संदेश न वाचताच एंटर मारत सुटतात. तो वाचा, त्यात उत्तर आहे.

जुनी १२७.०.१.१ ची ओळ तशीच ठेवून खाली नवी ओळ टाकणं ही आणखी एक नेहमीची गडबड. एकच नाव दोन ओळींत असेल तर कोणतं उत्तर मिळेल याचा भरवसा उरत नाही. नाव एकाच ओळीत ठेवा. १२७.०.०.१ च्या ओळीत फक्त लोकलहोस्ट राहू द्या, तिथे आपलं नाव चिकटवू नका, आणि लोकलहोस्टची ओळ काढूनही टाकू नका. आयपीव्ही-सिक्सची लोकलहोस्टची ओळ असते तिथेही तोच नियम.

नाव बदलायला 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' आणि पुढे नाव. ही आज्ञा ईटीसीमधली होस्टनेम फाइल बदलते, पण होस्ट्स फाइलला हात लावत नाही. नाव बदललं आणि होस्ट्स फाइल विसरली की लगेच सुडोची बडबड सुरू होते, त्याचं कारण हेच.

आता इथे छोटं नाव ठेवायचं की पूर्ण? यावर वाद पुष्कळ होतात. माझं मत: सॉफ्टवेअर मागेल ते द्या. फ्रीआयपीए आणि सीपॅनेलला (वेब होस्टिंगचं पॅनेल) होस्टनेमच पूर्ण लागतं. प्रॉक्समॉक्स नोडचं, म्हणजे त्यातल्या प्रत्येक मशीनचं, नाव छोटं धरतं. रॅबिटएमक्यू मूळ सेटिंगमध्ये पहिल्या डॉटच्या आधीचा भागच घेतं. वर दाखवलेली ओळ बरोबर असेल तर दोन्ही पद्धतींत होस्टनेम -एफ एकच उत्तर देतं, त्यामुळे तत्त्वासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही.

रिबूट केलं की पुन्हा जुनंच नाव

बहुतेक लोक इथेच कंटाळतात. फाइल बरोबर केली, तपासलं, चाललं. रिबूट केलं आणि सगळं होतं तसं. याचा अर्थ दुसरं कोणीतरी ती फाइल लिहितंय. तुम्ही कितीही वेळा दुरुस्त केलीत तरी पुढच्या बूटला ती पुन्हा लिहिली जाणार, म्हणून आधी लिहिणारा शोधायचा.

क्लाउडवरच्या मशीनवर तो बहुधा क्लाउड-इनिट (बूट होताना मशीनची सेटिंग लावणारा प्रोग्रॅम) असतो. होस्ट्स फाइल उघडून वरच्या कॉमेंट नीट वाचा. 'मॅनेज_ईटीसी_होस्ट्स' चालू आहे, बदल टिकवायचे असतील तर अमुक टेम्पलेट बदला किंवा तमुक सेटिंग काढा, असं तिथेच लिहिलेलं सापडतं. डेबियन आणि उबुंटूवर ते टेम्पलेट ईटीसी, क्लाउड, टेम्पलेट्स या फोल्डरात होस्ट्स.डेबियन.टीएमपीएल नावाने असतं. सर्व्हरला एकच ठरलेला आयपी असेल तर मी टेम्पलेटच्या वाटेला न जाता क्लाउड.सीएफजीमध्ये मॅनेज_ईटीसी_होस्ट्स फॉल्स करतो आणि होस्ट्स फाइल हाताने लिहितो. त्याच फाइलमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' फॉल्स असतं, ते ट्रू करा, नाहीतर क्लाउड पुरवठादाराने दिलेलं नाव परत येऊ शकतं. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये मशीन उभं केलं तर 'आयपी-१०-०-०-१२' अशा धाटणीचं नाव मिळतं. ते चुकीचं नाही, पण त्यावर मेल सर्व्हर बसवून चालणार नाही. एक लक्षात घ्या, मशीन तयार करताना यूजर-डेटामध्ये हीच सेटिंग दिली असेल तर ती क्लाउड.सीएफजीवर मात करते. तेव्हा फाइल बदलूनही फरक पडला नाही तर तिकडे बघा.

ऑफिसातल्या किंवा घरातल्या मशीनवर संशयित डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप आयपी देणारी यंत्रणा. डीएचसीपी सर्व्हर १२ क्रमांकाच्या ऑप्शनमधून क्लायंटला होस्टनेम पाठवू शकतो. मशीनला स्वतःचं ठरवलेलं नाव नसेल, किंवा ते नुसतं लोकलहोस्ट असेल, तर नेटवर्कमॅनेजर ते पाठवलेलं नाव लावून टाकतो. ते नसेल तर आयपीवरून उलटं शोधून मिळालेलं नाव लावतो. नुसतं होस्टनेमसीटीएल चालवलं की हा प्रकार ओळखू येतो: स्टॅटिक (कायमचं) नाव एक आणि ट्रान्झियंट (तात्पुरतं) वेगळं दिसतं. उपाय सोपा, स्टॅटिक नाव सेट करा. तरीही कटकट होत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेन विभागाखाली होस्टनेम-मोड नन करा. सर्व्हरचा आयपीच डीएचसीपीवर सोडलेला असेल तर मात्र आधी तो कायमचा करून घ्या. उद्या आयपी बदलला की होस्ट्स फाइलमधली तुमची ओळ खोटी ठरणार.

डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सवर) सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांना हीच अडचण येते. तिथे होस्ट्स फाइल विंडोजकडच्या नोंदींवरून तयार होते. डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये नेटवर्क विभागात जनरेटहोस्ट्स फॉल्स करा आणि होस्टनेमही तिथेच द्या. डॉकरमध्ये कंटेनरच्या (प्रोग्रॅम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो त्याच्या) आत शिरून होस्ट्स फाइल बदलू नका, ती डॉकरच्या ताब्यात असते. कंटेनर चालवतानाच होस्टनेमचा पर्याय द्या, नाहीतर कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं हेच त्याचं नाव होतं. प्रॉक्समॉक्सच्या एलएक्ससी कंटेनरमध्ये 'बिगिन पीव्हीई' आणि 'एंड पीव्हीई' अशा दोन खुणांमधला मजकूर प्रॉक्समॉक्स लिहितो. तुमच्या ओळी त्या खुणांच्या बाहेर ठेवा.

आणि हे सगळं केल्यावर, सॉफ्टवेअर बसवायच्या आधी, एकदा रिबूट करा आणि त्याच आज्ञा पुन्हा चालवा. लोक इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा रिबूट करतात आणि तेव्हा नाव उडालेलं कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

डॉट लोकलचा त्रास

आपल्याकडच्या लहान-मध्यम कंपन्यांमध्ये आतल्या डोमेनला 'कंपनी.लोकल' नाव देण्याची जुनी सवय आहे. विंडोज सर्व्हरच्या काळापासून चालत आलेली. लिनक्सवर ती नडते. २०१३ साली आरएफसी ६७६२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) ने .लोकल हे नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे डीएनएस सर्व्हरशिवाय जवळच्या मशीननाच नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखून ठेवलं. अवाही (ही पद्धत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेल्या मशीनवर एनएसस्विच.कॉन्फमधल्या होस्ट्सच्या ओळीत 'एमडीएनएस४_मिनिमल' आणि त्यापुढे चौकोनी कंसात 'नॉटफाउंड=रिटर्न' दिसतं. म्हणजे .लोकल नाव मल्टिकास्टने सापडलं नाही तर तिथेच थांब, डीएनएसकडे जाऊच नको. मग डिगला नाव सापडतं, गेटेन्टला नाही, पिंगला नाही, आणि माणूस डीएनएस सर्व्हरच्या मागे लागतो, ज्याचा काही दोष नसतो.

जुनं डोमेन बदलणं शक्य नसेल तर त्या ओळीत डीएनएस हा शब्द एमडीएनएसच्या आधी आणा, किंवा सर्व्हरवर अवाहीची गरज नसेल तर तो भाग काढून टाका. नवीन काही उभारत असाल तर मात्र .लोकल घेऊच नका. स्वतःच्या विकत घेतलेल्या डोमेनचं उपडोमेन, जसं 'इंट.एक्झाम्पल.कॉम', हा सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग. ते जमत नसेल तर २०२४ मध्ये आयकॅनने (डोमेन नावं सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेने) खाजगी वापरासाठी राखून ठेवलेलं .इंटर्नल आहे, आणि घरच्या नेटवर्कसाठी आरएफसी ८३७५ मधलं होम.आर्पा आहे.

नाव ठेवताना

अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच. अंडरस्कोर नको, 'डीबी_सर्व्हर' सारखी नावं कुठे चालतात, कुठे अचानक अडतात, आणि जावाच्या काही लायब्रऱ्या तर अंडरस्कोर असलेल्या यूआरएलमधून होस्ट म्हणून काहीच परत देत नाहीत. सगळी अक्षरं स्मॉल ठेवा, फ्रीआयपीए आणि कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारं) दोघांनाही तेच लागतं. दोन डॉटमधला भाग ६३ अक्षरांपर्यंत, आणि लिनक्समध्ये अख्खं होस्टनेम ६४ पर्यंत. सांबा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी उभारणार असाल तर छोटं नाव १५ अक्षरांच्या आत बसवा, ती नेटबायॉस या विंडोजच्या जुन्या नावपद्धतीची मर्यादा आहे. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीत नाव घेता येतं, ही फार चांगली सोय आहे. पण सर्व्हरच्या होस्टनेममध्ये देवनागरी टाकू नका. तिथे रोमन नावच ठेवा, आणि डीएनएसमध्ये त्या डोमेनचं 'एक्सएन' आणि दोन हायफनने सुरू होणारं रूप वापरा.

व्हीएम (आभासी मशीन) क्लोन करून सर्व्हर बनवत असाल तर प्रत्येकाचं नाव लगेच बदला. कुबरनेटीसमध्ये दुसरा नोड त्याच नावाने जोडायला गेलात तर क्युबअ‍ॅडम त्याला घेत नाही. त्याच जोडीला मूळ मशीनची मशीन-आयडी फाइल क्लोन करण्याआधी रिकामी करून ठेवा, पुढच्या बूटला नवी तयार होते. ती तशीच राहिली तर उबुंटू सर्व्हरवर दोन क्लोनना डीएचसीपीकडून एकच आयपी मिळतो, आणि हे लक्षण नावाच्या भांडणासारखंच दिसतं.

मेल सर्व्हरसाठी एवढ्यावर भागत नाही

झिंब्रा इन्स्टॉल होताना 'डोमेनसाठी एमएक्स सापडत नाही, डोमेन बदलायचं का?' असा प्रश्न येतो (एमएक्स म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारी डीएनएस नोंद) आणि उत्तर म्हणून 'येस' आधीच भरलेलं असतं. इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, डोमेन म्हणून 'मेल.एक्झाम्पल.कॉम' गेलंय का. आपले पत्ते एक्झाम्पल.कॉमचे असतात, तेव्हा डोमेन बदलून 'एक्झाम्पल.कॉम' द्या. दुसरी, 'डिग एमएक्स एक्झाम्पल.कॉम' ला सर्व्हरवरून उत्तर मिळतंय का. एमएक्स होस्ट्स फाइलमध्ये लिहिता येत नाही, त्याला डीएनएसच लागतं.

सर्व्हर राउटरच्या मागे नॅटमध्ये (बाहेर सार्वजनिक आयपी, आत खाजगी) असेल तर आणखी एक पेच आहे. बाहेरचं डीएनएस त्या नावाचा सार्वजनिक आयपी सांगतं, आणि सर्व्हरवर तर १९२.१६८ वाला आहे. मग पोस्टफिक्स (झिंब्राचा मेल पोचवणारा भाग) मेल झिंब्राच्याच दुसऱ्या भागाकडे देण्यासाठी सार्वजनिक आयपीवर जातो, राउटर ते परत आत पाठवत नाही, आणि मेल रांगेत पडून राहतात. यावर उपाय म्हणजे सर्व्हरवर किंवा ऑफिसात डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) बसवून आतून विचारणाऱ्याला आतला आयपी आणि एमएक्स देणं. इन्स्टॉल करण्याआधी हे उभं करा, नंतर निस्तरणं जड जातं.

बाहेर जाणाऱ्या मेलसाठी उलटी नोंदही हवी. 'डिग -एक्स' आणि पुढे सार्वजनिक आयपी, याचं उत्तर तुमचं पूर्ण नाव असायला हवं, आणि त्या नावाचं उत्तर तोच आयपी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी ही अट लेखी घातली आहे. लोक ही नोंद डोमेन जिथून घेतलं त्या पॅनेलमध्ये शोधत बसतात आणि ती तिथे सापडत नाही. आयपी ज्याचा, नोंद त्याच्याकडे: क्लाउड असेल तर त्यांच्या पॅनेलमध्ये, ऑफिसची लीज्ड लाइन असेल तर इंटरनेट पुरवठादाराला लेखी विनंती करून. त्यांच्याकडून व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून सर्व्हर उभारायच्या आधीच ती विनंती टाकून द्या.

चुकीच्या नावाने आधीच इन्स्टॉल झालं असेल तर

इथे सॉफ्टवेअरप्रमाणे उत्तर बदलतं. काहीही करण्याआधी स्नॅपशॉट किंवा बॅकअप घ्या.

झिंब्रामध्ये ऑप्ट, झिंब्रा, लिबएक्झेक या फोल्डरात 'झेडएमसेटसर्व्हरनेम' नावाची स्क्रिप्ट आहे, ती एलडॅपमधलं (यूजर आणि सर्व्हरच्या नोंदी जिथे असतात तिथलं) नाव बदलते. होस्टनेम आणि होस्ट्स फाइल आधी नीट करून मगच ती चालवा, आणि सर्टिफिकेट नव्याने बनवावं लागेल हे धरून चाला. हडूपमध्ये होस्ट्स फाइल सुधारून सेवा पुन्हा सुरू केल्या की बहुधा भागतं. नेमनोड कोणत्या आयपीवर ऐकतोय ते 'एसएस -टीएलएनपी' ने बघून घ्या.

रॅबिटएमक्यूमध्ये नाव बदललं की रांगा आणि यूजर गायब झाल्यासारखे दिसतात. ते गेलेले नसतात. डेटाच्या फोल्डरचं नाव 'रॅबिट@जुनंनाव' असं असतं, आणि नव्या नावाने सेवा सुरू झाली की ती शेजारी नवं रिकामं फोल्डर उघडते. घाबरून काही पुसू नका. सेवा थांबवा आणि होस्टनेम परत जुनं करा, किंवा रॅबिटएमक्यू_नोडनेम या व्हेरिएबलमध्ये जुनं नाव देऊन ते होस्ट्स फाइलमधून सापडेल असं करा. रांगा परत दिसतात. एकट्या सर्व्हरसाठी मी यातला दुसरा, व्हेरिएबलचा पर्याय निवडतो, कारण मग मशीनचं नाव पुढे कितीही वेळा बदललं तरी डेटा जागच्या जागी राहतो.

फ्रीआयपीएच्या बाबतीत मात्र पळवाट नाही. इन्स्टॉल झाल्यावर त्या सर्व्हरचं होस्टनेम बदलता येत नाही. करबेरॉसच्या (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) किल्ल्या, सर्टिफिकेटं, एलडॅपच्या नोंदी सगळ्या त्याच नावाला बांधलेल्या असतात. चालू डेटा असेल तर बरोबर नावाचं नवीन मशीन उभं करा, त्याला रेप्लिका (जोडीची प्रत) म्हणून जोडा, सर्टिफिकेट देण्याची जबाबदारी त्याच्याकडे सोपवा आणि मग जुनं काढून टाका. अजून कोणी वापरायला लागलेलं नसेल तर 'आयपीए-सर्व्हर-इन्स्टॉल' ला अनइन्स्टॉलचा पर्याय देऊन सगळं काढा, होस्ट्स फाइल सुधारा, रिबूट करा, होस्टनेम -एफ बघा, आणि पुन्हा बसवा.